रिपोर्ट ३८ पानांचा, समजावणारं कोणी नाही. आपले जेनेटिक काउन्सेलर या नव्या टेस्टसाठी तयार आहेत का?

बदलापूरकर

ताईला ३९व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता ४१ची आहे आणि ठीक आहे. कमी वयात झाला म्हणून डॉक्टरांनी रक्ताची जेनेटिक टेस्ट करून घ्या म्हणून सांगितलं. २२,००० रुपये भरले. तीन आठवड्यांनी रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. ३८ पानं! त्यातलं आम्हाला कळलेलं एवढंच, की बीआरसीए-२ या जनुकापुढे (ज्यातल्या काही बदलांमुळे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) 'व्हीयूएस' लिहिलंय आणि शेवटी बारीक अक्षरात 'जेनेटिक काउन्सेलरचा सल्ला घ्यावा'.

ताईच्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पहिलं पान बघितलं आणि म्हणाल्या, "बीआरसीए आलंय ना, मग ओव्हरीज काढून टाकू. आणि धाकट्या बहिणीचीही टेस्ट करून घ्या." धाकटीचं डिसेंबरात लग्न आहे. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

मग लॅबच्याच काउन्सेलरशी व्हिडिओ कॉल झाला, १७ मिनिटांचा. मुलगी गोड बोलत होती, पण म्हणाली, "व्हीयूएस म्हणजे निगेटिव्हच समजा." वर म्हणे याहून मोठं पॅनल आहे, म्हणजे आणखी जनुकं तपासणारी टेस्ट, घरच्यांसाठी सवलत मिळेल.

एकजण म्हणतं काढून टाका, दुसरं म्हणतं काहीच नाही. टेस्ट दर वर्षी नवनवीन येतायत, पण त्या समजावून सांगणारी माणसं तेवढी तयार आहेत का? अनुभव असतील तर लिहा.

चहा_कमी_साखर

बापरे. ताईंना शुभेच्छा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आमच्याकडेही हेच चाललंय.

विक्रोळी_वेस्ट

आमच्या बाबांना 'जेनेटिक काउन्सिलरला भेटायचंय' म्हटलं तर म्हणाले, "नगरसेवक काय करणार त्यात? आणि निवडणूक झाल्याशिवाय भेटतो का तो?"

मुलुंडकर

वि_वे, हसून मेलो.

गंभीरपणे: तयारी नाही, आणि काउन्सेलर आहेतच किती? आम्ही सुनेच्या वेळी ठाणे-मुलुंड पट्ट्यात शोधत होतो. जो तो म्हणे, परळला जा.

खडूस_आजोबा

आमच्या वेळी हे काही नव्हतं आणि आमची पोरं धडधाकट आहेत. आता रक्त काढायचं, घाबरायचं, मग पुन्हा रक्त काढायचं. पत्रिका बघणारा निदान शांती तरी करून देतो.

निशिगंधा

आजोबा, तुमच्या वेळीही होतं. 'जेनेटिक काउन्सेलिंग' हा शब्द अमेरिकेत शेल्डन रीड यांनी १९४७मध्ये वापरात आणला, आणि १९६९मध्ये तिथे सारा लॉरेन्स कॉलेजात त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या मुंबईचं म्हणाल तर बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मीळ रक्तगट १९५२मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथेच शोधला. तेही आनुवंशिकच.

आणि कृपया 'पत्रिकेऐवजी रक्त जुळवा' हा विनोद आता कोणी करू नका. थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) प्रत्येक व्याख्यानात तो ऐकून कान किटलेत.

विक्रोळी_वेस्ट

टाइप केला होता, खोडला.

रेघ_आणि_गोल

मी या व्यवसायात आहे, मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात, अकरा वर्षं. (आयडीचा अर्थ: आम्ही वंशावळ काढतो त्यात बायका गोल, पुरुष चौकोन. चौकोन नावात बसला नाही.) थोडं सविस्तर लिहिते.

बदलापूरकर, आधी तुमच्या ताईंबद्दल. रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी वैद्यकीय मत देणार नाही, पण व्हीयूएस म्हणजे काय ते सांगते. २०१५पासून जगभरातल्या बहुतेक लॅब जनुकातला बदल पाच खणांत टाकतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. व्हीयूएस हा मधला खण. म्हणजे बदल दिसलाय, पण तो वाईट की साधा हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही. अशा बदलाच्या जोरावर ओव्हरीज काढत नाहीत आणि निरोगी बहिणीची त्या बदलासाठी टेस्टही करत नाहीत. तिच्यात सापडला किंवा नाही सापडला, तरी त्यावरून काही ठरवता येत नाही. धाकटीचं लग्न निर्धास्त होऊ द्या.

'निगेटिव्हच समजा' हेही अर्धंच. ताईंना ३९व्या वर्षी कॅन्सर झाला ही गोष्ट रिपोर्ट काहीही म्हणो, कायम आहे. त्यावरून बहिणीच्या तपासण्या कधीपासून सुरू करायच्या हे ठरवावं लागतं, आणि ते १७ मिनिटांत होत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी शिकले तेव्हा रोजचं काम म्हणजे थॅलेसेमिया, डाउन सिंड्रोम, वारंवार गर्भपात, हिमोफिलिया. एक आजार, एक जनुक, एक प्रश्न. आता एक्सोम म्हणजे सुमारे २०,००० जनुकं एका दमात वाचतात. प्रश्न विचारलेला असतो मुलाच्या फिट्सचा आणि उत्तरात आईच्या हृदयाचं काहीतरी निघतं. अशा न विचारलेल्या पण उपचार करता येण्याजोग्या गोष्टी कळवाव्यात म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनेने २०१३मध्ये ५६ जनुकांची यादी केली होती. २०२३मध्ये ती ८१वर गेली. मी यादी पाठ करेपर्यंत नवी येते. रोज रात्री दोन तास वाचते, तरी सोमवारी सकाळी असा एखादा जनुक समोर येतो ज्याचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नसतं.

म्हणून तयार आहे का? सगळ्या जनुकांसाठी, नाही. पण 'हे आज कोणालाच माहीत नाही' हे वाक्य न अडखळता बोलायला, आणि ते ऐकल्यावर समोरच्याचं काय होतं ते बघत बसायला शिकले. कॉलेजात याचा एक तासही नव्हता.

चहा_कमी_साखर

रेघताई, उभं राहून टाळ्या.

डॉ_ठाणे_पूर्व

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. ताईंच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची चूक झाली हे मान्य. पण माझ्या ओपीडीत सकाळी ६० बायका असतात. जेनेटिक्स आम्हाला एमबीबीएसला आठ-दहा लेक्चर, त्यात मेंडेलचे वाटाणे जास्त. लॅबचा माणूस दर महिन्याला नवं पॅनल घेऊन येतो, त्याच्या ब्रोशरवरच आमचं शिक्षण चालू आहे. खरं तेच सांगतोय.

शिवाय कायद्याने आम्हीही काउन्सेलर आहोत! पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा) नियमांत जेनेटिक काउन्सेलिंग सेंटरसाठी सहा महिने अनुभव किंवा चार आठवडे प्रशिक्षण असलेला स्त्रीरोग किंवा बालरोगतज्ज्ञ चालतो, नाहीतर मेडिकल जेनेटिसिस्ट.

रेघ_आणि_गोल

डॉक्टर, प्रामाणिकपणा आवडला. पण तो कायदा १९९४चा, गर्भलिंगनिदान थांबवण्यासाठी केलेला. एक्सोम समजावायला चार आठवडे पुरतील असं तो करणाऱ्यांच्याही मनात नसणार, तेव्हा एक्सोम नव्हतंच. मजा म्हणजे दोन वर्षं फक्त हेच शिकून आलेली माझ्यासारखी, डॉक्टर नसल्यामुळे, त्या व्याख्येत कुठेच बसत नाही.

मुलुंडकर

आमचा किस्सा. सून २७ वर्षांची, पहिलंच बाळंतपण. एनआयपीटी केली, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघतात ती. रिपोर्ट: डाउनसाठी 'हाय रिस्क'. क्लिनिकमधून फोनवर सांगितलं, ९९ टक्के अचूक टेस्ट आहे, काय ते ठरवा. मुलगा तर ऑफिसातून उठून सरळ घरी आला. शेवटी परळला एका बाईंनी शांतपणे सांगितलं, की ही चाळणी आहे, निदान नव्हे, गर्भजल तपासा. सोळाव्या आठवड्यात तपासलं. नॉर्मल. नात आता यूकेजीत आहे आणि माझ्या मोबाइलचा पासवर्ड तिला माहीत आहे.

प्रश्न असा की ९९ टक्के अचूक असून चुकली कशी?

गणिताचे_सर

मुलुंडकर, चुकली नाही, फोनवाल्याने चुकीची टक्केवारी सांगितली.

समजा २५ वर्षांच्या १,००,००० गर्भवती. त्या वयात डाउनचं प्रमाण साधारण १,२५०त एक, म्हणजे ८० बाळं. टेस्ट ९९ टक्के पकडते, म्हणजे ७९. उरलेल्या ९९,९२० बाळांना काही नाही, पण टेस्ट हजारात एकदा उगाच घंटा वाजवते असं धरू, म्हणजे १००. एकूण १७९ जणींना 'हाय रिस्क', त्यांतल्या खऱ्या ७९. शंभरात ४४.

आता ४० वर्षांच्या घ्या. प्रमाण शंभरात एक. खरे १,०००, पकडले ९९०, खोट्या घंटा ९९. शंभरात ९१.

टेस्ट तीच, कागद तोच, अर्थ दुप्पट वेगळा. दहावीच्या पोरांना हे पंधरा मिनिटांत समजतं. रिपोर्ट देणाऱ्याला समजत नसेल तर त्याला माझ्या क्लासला पाठवा, फी घेणार नाही.

डॉ_ठाणे_पूर्व

सर, हे प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवतोय. चेष्टा नाही.

सोनचाफा

एक शंका. त्या टेस्टमध्ये मुलगा-मुलगीही कळतं ना? मग आपल्याकडे चालते कशी?

रेघ_आणि_गोल

तांत्रिकदृष्ट्या कळतं. इथे रिपोर्टात लिंग येत नाही, लिहिणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा. त्यामुळे परदेशातली पुस्तकं आणि नमुना संवाद इथे तसेच्या तसे चालत नाहीत. परवा एक आजी म्हणाल्या, "एवढे पैसे घेता आणि मेन गोष्ट सांगत नाही!"

विक्रोळी_वेस्ट

रेघताई, मराठीत हे सगळं समजावता कसं? उत्परिवर्तन म्हटलं की मला नववीचं जीवशास्त्र आणि झोप आठवते.

रेघ_आणि_गोल

अहो, तीच तर खरी कसरत! 'कॅरिअर'ला पुस्तकी शब्द 'वाहक'. एका काकांना म्हटलं, तुम्ही थॅलेसेमियाचे वाहक आहात. ते म्हणाले, "मी बेस्टमध्ये होतो खरा, पण चालक." आता मी म्हणते, 'तुमच्या अंगात आहे पण तुम्हाला त्रास नाही, मुलाकडे जाऊ शकतं'. लांब पडतं, पण पोचतं.

'दोष' मी अजिबात वापरत नाही. जनुकात दोष म्हटलं की घरात लगेच कोणाच्या घराण्याचा दोष यावर येतं, आणि ते नेहमी सुनेच्या माहेरावर थांबतं. 'व्हेरिअंट' चांगला होता, पण करोनाने घालवला. एका आईने विचारलं, पोराला व्हेरिअंट आलाय तर धाकट्याला वेगळ्या खोलीत झोपवू का? आता नुसतं 'बदल' म्हणते. नव्या पोरींना इंग्रजीत सगळं येतं, पण विरारहून आलेल्या आजीला सांगताना त्या गडबडतात. मला विचाराल तर आमच्या शिक्षणातली ही सगळ्यात मोठी तूट आहे, एक्सोमचा नंबर त्यानंतर.

खडूस_आजोबा

हे पटलं. बाई कामाच्या दिसतात.

अळूचं_फदफदं

पण मुळात काउन्सेलर लॅबच्या पगारावर का? बदलापूरकरांच्या केसमध्ये सल्ला देतानाच मोठं पॅनल विकायला काढलं. हे म्हणजे बिल्डरच्या वकिलाकडून फ्लॅटची कागदपत्रं तपासून घेणं.

रेघ_आणि_गोल

उपमा बोचरी आहे आणि मी नाकारत नाही. माझी सुरुवात लॅबमध्येच झाली. दुसरी बाजू एवढीच, की हॉस्पिटलं काउन्सेलरची जागाच काढत नाहीत. काढली तर पगार देताना विचारतात, तुम्ही बिलात काय आणता? तासभर बोलण्याची फी द्यायला पेशंट तयार नसतो, टेस्टचे २२,००० देतो. मग बोलणं टेस्टच्या किमतीत घुसवायचं, ते लॅबच करू शकते. लॅबमध्ये राहून सरळ वागणाऱ्याही आहेत. पण टेस्ट करू नका असं सांगायची मोकळीक किती, हे ज्याचं त्याने बघावं.

कोळीवाड्यातली

एक वेगळा मुद्दा. व्हीयूएस आपल्याकडेच जास्त येतात असं ऐकलंय. खरं का?

निशिगंधा

बऱ्याच अंशी. बदल साधा की घातक हे ठरवताना पहिला प्रश्न असतो, निरोगी लोकांत तो किती जणांकडे आहे. आणि जगातले मोठे डेटाबेस मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. आपल्याकडे सर्रास असलेला बदल तिकडे दिसतच नाही, म्हणून 'अनिश्चित'.

उलटंही होतं. एमवायबीपीसी-३ या हृदयाच्या जनुकातला २५ अक्षरं गळालेला बदल दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आहे, हे २००९मध्ये प्रसिद्ध झालं. पाश्चात्त्य डेटा बघत बसलो असतो तर कळलं नसतं. शिवाय आपण जातीत, पोटजातीत लग्नं करणार, कुठे मामाच्या मुलीशी. त्यामुळे प्रत्येक समाजाची आपापली यादी. वैश्य समाजात भुलीचं एक औषध लवकर न उतरण्याचा प्रकार, अगरवालांत मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक दुर्मीळ आजार, सिंधी, लोहाणा, भानुशालींत थॅलेसेमिया, पारशांत जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता. मुंबईत एका लोकलच्या डब्यात हे सगळे उभे असतात.

जीनोम इंडियाचा सुमारे १०,००० भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५मध्ये संशोधकांना खुला झाला. त्याने हळूहळू फरक पडेल.

विक्रोळी_वेस्ट

डब्यात उभं राहायला जागा मिळाली म्हणजे ती कथा काल्पनिक आहे.

मुलुंडकर

इन्शुरन्सचं काय? धाकटीची टेस्ट केली आणि काही निघालं तर कंपनी पॉलिसी देईल?

अळूचं_फदफदं

२०१८मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं होतं की आरोग्य पॉलिसीत 'जेनेटिक आजार' म्हणून सरसकट वगळायचं नाही, त्या कारणाने क्लेमही नाकारायचा नाही. त्याआधी दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला होता. पण अमेरिकेत २००८ला झाला तसा खास कायदा आपल्याकडे नाही. मी क्लेममध्ये काम करतो, माझा सल्ला एकच: पॉलिसी आधी, टेस्ट नंतर. आणि फॉर्मवर खोटं लिहू नका.

सोनचाफा

माझ्या दिराचीही 'जेनेटिक टेस्ट' झाली, फुप्फुसाच्या गाठीची. त्यात बदल निघाला म्हणून सासूबाईंनी सगळ्या नातवंडांची टेस्ट करायचा घाट घातलाय. करावी का?

रेघ_आणि_गोल

थांबा थांबा. गाठीतल्या पेशींची टेस्ट आणि रक्तातून जन्मजात जनुकांची टेस्ट या वेगळ्या गोष्टी. गाठीत नंतर झालेले बदल बहुतेक वेळा तिथेच असतात, ते वारशाने जात नाहीत. गाठीची टेस्ट औषध निवडायला. कधीकधी गाठीत दिसलेला बदल जन्मजातही असू शकतो, तेव्हा दिरांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "हा बदल रक्तात तपासायची गरज आहे का?" नातवंडांना खेळू द्या.

सोनचाफा

सासूबाईंना हे वाचून दाखवलं. म्हणाल्या, कोण आहे ही, डॉक्टर का? मी म्हटलं, डॉक्टरांनाही सांगते ती.

बदलापूरकर

उशिरा परत येतोय, माफ करा. काल ताईला घेऊन परळला एका सरकारी संस्थेच्या जेनेटिक्स ओपीडीत गेलो होतो. सकाळी ६.०४ची लोकल, ओपीडीत नंबर ११.४०ला लागला. पण मग बाईंनी आमच्यासोबत एक तास दहा मिनिटं काढली. लॅबची पीडीएफ त्यांनी पहिली २० मिनिटं उघडलीच नाही. कागद घेऊन गोल-चौकोन काढायला लागल्या (रेघताई, तुमची आठवण आली).

आईने नेहमीप्रमाणे सांगितलं, "आमच्याकडे कोणालाच नाही." त्या म्हणाल्या, "आणि यांच्या वडिलांकडे?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. बायकांचा कॅन्सर म्हणजे आईकडूनच येणार असं धरून चाललो होतो. वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो म्हणे. तिथूनच बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, मोठी आत्या ४४-४५ची असताना पोटात पाणी होऊन गेली, गावाला सगळे जलोदर म्हणायचे. बाईंनी त्या गोलाला प्रश्नचिन्ह घातलं. अंडाशयाचा कॅन्सर असू शकेल, नसू शकेल, आता कागद कुठून मिळणार.

निष्कर्ष रेघताईंनी लिहिला तोच. या बदलावरून ऑपरेशन नाही. धाकटीची या बदलासाठी टेस्ट नाही, पण ती ३१ची आहे, ताईच्या वयाच्या दहा वर्षं आधी धरून तिच्या तपासण्या आत्तापासून. आणि दर दीड-दोन वर्षांनी विचारायला या, तोपर्यंत तो बदल खण बदलू शकतो.

मी विचारलं, तुम्हीच कळवाल ना? त्या हसल्या. म्हणाल्या, "कळवायला हवं, पण आमच्याकडे हजारो फायली आणि आम्ही तिघी. तुम्हीच कॅलेंडरवर लिहून ठेवा." मग म्हणाल्या, पाच वर्षांनीही चालू असेल असा फोन नंबर द्या. मोबाइल बदलतात, लॅबकडचे निम्मे नंबर बंद निघतात.

ताईने बराच विचार केला आणि गिरगावच्या चाळीतल्या काकूंचा लँडलाइन लिहून दिला.

खडूस_आजोबा

तो वाजतो अजून?

बदलापूरकर

वाजतो. काकू उचलायला वेळ लावतात, चौदा-पंधरा रिंग द्याव्या लागतात. बाईंनी फायलीवर तेही लिहून घेतलं.

चहा_कमी_साखर

बदलापूरकर, त्या ओपीडीचा वार आणि वेळ व्यनि (खासगी निरोप) कराल का? आम्हीही जायचं म्हणतोय.

मुलुंडकर

परळला उतरताना मधल्या डब्यात राहा, पुलाला कमी चालावं लागतं. आणि फाइल, आधार कार्ड आणि वडिलांकडच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा फोन नंबर सोबत ठेवा.